चिचुंद्रीचा जंत आणि हेडबाईंचा चहा

माझ्या सासऱ्यांना अख्खी गल्ली जंतसर म्हणते. तोंडावर नुसतं सर, पाठ वळली की जंतसर. यात कुणाचा खोडसाळपणा आहे असं नाही. माणूस उभी हयात ज्या कामात घालवतो ते काम त्याच्या नावाला चिकटणारच. बाबा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे, आणि त्यासोबत शेताच्या बांधावरचे उंदीर, घुशी, खारी, चिचुंद्र्या असले मुठीत मावणारे प्राणी उघडून त्यांच्या पोटात कोणकोणते जंत राहतात ते बघायचे. जंत बघून वेळ उरला तर शिकवायचे, असं सासूबाई म्हणायच्या.

मी एकदा विचारलं होतं, "बाबा, एवढे मोठमोठे प्राणी सोडून घुशीच का?"

"वाघाच्या पोटाची काळजी करायला सगळं जग बसलंय," ते म्हणाले. "घुशीला कोण विचारतं?"

माझं औषधांचं दुकान आहे. जंताच्या गोळ्या मी रोज विकते. म्हणजे एकाच घरात जंत पाडणारी सून आणि जंत जपणारा सासरा. लग्नाचं बोलायला ही मंडळी आमच्याकडे आली तेव्हा बाकीचे माझं शिक्षण, माझा स्वभाव वगैरे विचारत होते. बाबांनी एकच प्रश्न विचारला, "गोळी घेतल्यावर जे जंत पडतात ते कुणी नीट बघतं का?" मी म्हटलं, नाही, कुणी कशाला बघेल. त्यांचा चेहरा असा उतरला की लग्न मोडतंय की काय असं माझ्या आईला वाटलं. "वाया जातात मग," एवढंच ते म्हणाले. टेबलाखालून सासूबाईंनी त्यांच्या पायावर पाय दिलेला मी पाहिला, आणि या बाईंशी आपलं जमणार हे तिथेच ओळखलं.

सासूबाईंनी संसार केला तो नियमांवर. फ्रीजमध्ये जंतांची बाटली ठेवायची नाही. कॉलेजातून आल्यावर कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय कडीला हात लावायचा नाही. आणि सगळ्यात कडक नियम हा, की दुसऱ्याच्या घरी खाता-पिताना जंत हा शब्द तोंडातून काढायचा नाही. हा नियम उगाच आलेला नव्हता. कुणाकडे तरी जेवायला गेले असताना ताटात नूडल्स वाढल्या गेल्या आणि बाबांना एका खारीचं आतडं आठवलं. आठवलं ते त्यांनी अगदी प्रेमाने, बोटांनी लांबी दाखवत सांगितलं. घरची बाई ताटावरून उठली ती परत बसली नाही. त्या दिवशी सासूबाईंनी बाबांकडून शब्द घेतला. सासूबाई जाऊन काही वर्षं झाली, पण शब्द बाबांनी पाळला, आणि पुढचं सगळं रामायण त्या शब्दापायीच घडलं.

निवृत्त झाल्यावर बाबांचं टेबल, मायक्रोस्कोप आणि बाटल्या आमच्या मागच्या खोलीत आल्या. सासूबाईंचे नियम मी तसेच पुढे चालू ठेवले. बाबांनी स्वतःसाठी एक जास्तीचा नियम केला, की आता आपल्या हाताने एकही जीव मारायचा नाही, कॉलेजात मारले तेवढे पुरे. मला ते आवडलं. गोची अशी की त्यांचं एक काम अर्धवट राहिलं होतं. चिचुंद्रीच्या आतड्यात त्यांना एक पट्टकृमी मिळाला होता, म्हणजे फितीसारखा चपटा, बारीक बारीक तुकड्यांचा जंत. असा जंत आजवर कुणी पाहिलेला नाही अशी त्यांची खात्री होती. पण ती जगाला पटवायची तर त्या जंताचं डोकं लागतं. डोक्यावर कसले हूक आहेत, किती आहेत, त्यावरून त्याची जात ठरते.

हे डोकं असतं टाचणीच्या टोकाएवढं, आणि ते आतड्याच्या भिंतीत रुतवून जंत निवांत पडलेला असतो. ओढलं की फीत हातात येते आणि डोकं आत तुटतं. म्हणून ओढायचंच नाही. आतडं उघडून गार पाण्यात ठेवायचं आणि तो आपणहून सोडेपर्यंत बसून राहायचं. बाबा त्या दिवशी बसून राहिले नव्हते. कॉलेजात परीक्षेची बैठक होती, त्यांनी घाई केली. ती बिनडोक फीत अजून टेबलावरच्या बाटलीत आहे.

"डोकं काही मिळालं नाही अजून," ते जेवताना म्हणायचे. घरी नवा पाहुणा असला तर त्याचा घास घशात अडकायचा.

दुसरी अडचण म्हणजे चिचुंद्री ताजी हवी. ती मेली की थोड्याच वेळात पोटातला जंतही विरघळायला लागतो. पिंजरा लावावा तर चिचुंद्रीला सारखं खायला लागतं, रात्रभर अडकून पडली की सकाळी गेलेली असते, आणि जंतही तिच्याबरोबर गेलेला. आपण मारायची नाही हे तर ठरलेलंच. म्हणजे दुसऱ्या कुणीतरी मारलेली, आणि आत्ता मारलेली चिचुंद्री हवी. असा मारेकरी आमच्या मागच्याच घरात राहत होता.

मागच्या घरात हेडबाई एकट्या राहतात. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. त्या निवृत्त झाल्या, त्यांचा आवाज मात्र झाला नाही. त्यांचं आणि आमचं परसदार समोरासमोर आहे, मध्ये कमरेएवढी भिंत आणि भिंतीला एक फाटक. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांची मागची पायरी सरळ दिसते आणि तिथे बोललेलं ऐकूही येतं. मी काही कान देत नाही. भांडी घासताना नळ बंद ठेवते, एवढंच.

हेडबाईंकडे एक बोका आहे, मॉनिटर त्याचं नाव. सकाळी सकाळी तो चिचुंद्री मारून आणतो. मांजरं चिचुंद्री मारतात पण खात नाहीत, तिचा वास त्यांना सोसत नाही. मॉनिटर ती नुसती पायरीवर आणून ठेवतो आणि बाईंकडे बघत बसतो, वर्गात गडबड करणाऱ्याला पकडून आणल्यासारखा. हेडबाईंनी आयुष्यात भल्याभल्या द्वाड पोरांना सरळ केलं, पण मेलेली चिचुंद्री पाहून त्यांचे हातपाय गळतात. एका सकाळी त्यांची हाक ऐकून बाबा फाटकातून धावले, चिचुंद्री शेपटीला धरून उचलली, खिशातल्या रुमालात गुंडाळली आणि म्हणाले, "बाई, तुम्ही आत जा. मी टाकून देतो."

टाकून कसली देतात. ती तडक मागच्या खोलीत, पांढऱ्या थाळीत. त्या चिचुंद्रीत तो जंत नव्हता, दुसरेच कसले तरी होते. पण बाबांना आशेची जागा सापडली.

दुसऱ्या सकाळी हाक येण्याआधीच ते पायरीपाशी हजर. "आज काही?" असं त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "आज नाही, पण चहा टाकलाय." बोका येईपर्यंत थांबायचंच होतं, तेव्हा बाबांनी चहा घेतला. तिसऱ्या सकाळीही घेतला. मग रोजचंच झालं. बाबा अंघोळ करून, भांग पाडून, खिशात धुतलेला रुमाल घेऊन फाटकातून जायचे. बाई शाळेच्या गोष्टी सांगायच्या. बाबा एक डोळा भिंतीवर ठेवून ऐकायचे, आणि बाईंना वाटायचं की माणूस लाजतोय, नजर देत नाही. बोक्याने काही आणलं की बाबा ते रुमालात घालून, जपून, जवळजवळ पळत घरी यायचे.

पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. बोका रिकाम्या तोंडाने आला तरी बाबा लगेच उठेनासे झाले. आणि एक दिवस पायरीवरून हसण्याचा आवाज आला. सासूबाई गेल्यावर बाबांना हसताना मी ऐकलंच नव्हतं. आमचे हे पेपर वाचत होते, तेसुद्धा मान वर करून म्हणाले, "कोण हसतंय?" स्वतःच्या बापाचं हसणं ओळखू येईना, इतकी ती जुनी गोष्ट झाली होती.

पुढे हेडबाई माझ्या दुकानात ब्लडप्रेशरच्या गोळ्या न्यायला आल्या. "अगं, तुझे सासरे म्हणजे देवमाणूस," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी न चुकता येतात आणि माझ्यासाठी ती घाण उचलून नेतात. चेहऱ्यावर आठी नाही. एखाद्याचं एवढं कोण करतं आजकाल?" बोलताना त्यांचा हात केसांवरून फिरला. मी खाली मान घालून गोळ्यांच्या पट्ट्या कापत राहिले.

घरी आल्या आल्या मी बाबांना धरलं. "बाबा, त्यांना खरं काय ते सांगून टाका."

"चहा पिताना जंताचं बोलायचं नाही. शब्द दिलाय मी."

"मग चहाच्या आधी सांगा."

"आधी काही नसतंच गं. दार उघडतं तेच कप घेऊन."

त्यांचा शब्द माझ्या सासूला दिलेला, तो मोडा असं मी कोणत्या तोंडाने सांगू?

आणि मग हेडबाईंनी उपकाराची फेड केली. एका सकाळी मॉनिटर भिंतीवर आला तो किणकिणतच. त्याच्या गळ्यात लाल पट्टा आणि पट्ट्याला घंटा. "बघा सर," बाई म्हणाल्या, "किती दिवस तुम्हाला त्रास द्यायचा? आता याची चाहूल लागली की चिचुंद्र्या पळतील. तुमची सुटका झाली."

बाबांच्या हातात कप होता. तो तसाच राहिला. "छान," ते म्हणाले. इतका पडलेला छान मी कधी ऐकला नव्हता.

घंटा कामाला आली. गल्लीतल्या चिचुंद्र्या सुखाने नांदू लागल्या. बाबा मात्र रोज जातच राहिले. चहा घेत, शाळेच्या गोष्टी ऐकत, आणि घंटा वाजली की त्यांचा जीव वरखाली होई. शेवटी एके सकाळी त्यांच्याने राहवलं नाही. मी खिडकीशीच होते.

"बाई, ती घंटा काढता येईल का?"

"अहो, घंटा काढली तर तो परत चिचुंद्र्या आणेल."

"तेच म्हणतो मी."

आणि मग सगळं बाहेर आलं. इतक्या वर्षांचा शब्द, हातात चहाचा कप असताना मोडला. पट्टकृमी, त्याची फीत, भिंतीत रुतलेलं डोकं, गार पाणी, बैठकीची घाई, सगळं. बोलता बोलता बाबांनी बोटांनी लांबीही दाखवली. हेडबाई उभ्या राहून ऐकत होत्या, पोराची सबब पूर्ण होऊ द्यायची त्यांची सवयच आहे. बाबा थांबल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, "म्हणजे इतके दिवस तुम्ही चिचुंद्रीसाठी येत होता?"

थोडी जरी अक्कल असलेला माणूस इथे नाही म्हणाला असता. निदान सुरुवातीला तसं होतं, असं तरी म्हणाला असता. पण बाबा शास्त्रज्ञ पडले. विचारलेल्या प्रश्नाला अचूक उत्तर द्यायचं, हेच ते जन्मभर शिकवत आले होते.

"ताज्या चिचुंद्रीसाठी," ते म्हणाले.

हेडबाईंनी त्यांच्या हातातला अर्धा भरलेला कप काढून घेतला, आत गेल्या, आणि दार लावलं. कडीचा आवाज माझ्यापर्यंत आला.

बाबा मागच्या खोलीत जाऊन बसले. त्यांनी मायक्रोस्कोपवरचं कापड काढलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. जेवताना डोक्याचा विषय निघाला नाही. मला आधी हसू येत होतं, मग काळजी वाटायला लागली, आणि काळजी वाटली की मी चिडते. संध्याकाळी दुकानातून येऊन मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढली.

"बाबा, हे काय चाललंय? चिचुंद्रीच हवी ना? बाजारातल्या गोदामात ढीगभर मांजरं आहेत. मी सांगून ठेवते, रोज एक ताजी घरपोच येईल."

त्यांनी मायक्रोस्कोपवरचं कापड सारखं केलं. मग म्हणाले, "तिच्या चहात साखर नसते. तरी बरा लागतो."

माझा राग कुठल्या कुठे गेला. ते लपवायला मी आणखी मोठ्याने बोलले. "मग हे त्यांना सांगायचं होतं."

"तिने विचारलं ते खरं सांगितलं मी."

"अर्धंच सांगितलंत. घंटा बांधल्यावर चिचुंद्री मिळणार नाही हे माहीत होतं ना तुम्हाला?"

"हो."

"तरी रोज जात होतात. कशासाठी?"

बाबांनी कपाळाला आठ्या घातल्या. काचेखाली न ओळखता येणारं काहीतरी दिसलं की ते असेच बसतात. "जात होतो खरा," ते हळूच म्हणाले. "हे माझ्या लक्षातच आलं नाही."

"आता आलं ना? मग उद्या जा. आणि तो रुमाल इकडे द्या."

रुमाल मी काढून घेतला. बाबा सकाळी भांग पाडून गेले, बंद दाराबाहेर पायरीवर बसले. मॉनिटर किणकिणत येऊन शेजारी बसला. दार उघडलं नाही. बाबा थोड्या वेळाने परत आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हाक मारत नव्हते, दार वाजवत नव्हते, नुसते बसत होते. या कामात ते तरबेज आहेत, हे मला तेव्हा कळलं. पण मनातून मला वाटायला लागलं होतं की हे दार काही आता उघडत नाही. सासूबाईंनंतर या माणसाला एक बरं काहीतरी मिळालं होतं, तेही एका खऱ्या उत्तरापायी गेलं.

आणि एका सकाळी घंटा वाजली नाही. मॉनिटर भिंतीवर चढला, आवाज नाही. गळ्यात लाल पट्टाही नाही. पट्टा काही बोका स्वतः काढत नाही. हेडबाईंनी बाबांच्या परीक्षेचा पेपर काढलाय, हे मी तिथेच ओळखलं. दार उघडलं होतं, बाबांच्या हातात कप होता. बाई खुर्ची घेऊन समोर बसल्या होत्या. मॉनिटरने भिंतीपलीकडे उडी टाकली. थोड्या वेळाने आला तो तोंडात चिचुंद्री घेऊनच. बाबांच्या चपलेशी त्याने ती ठेवली. शेपटीचं टोक अजून हलत होतं.

मी हातातलं ताट तसंच धरून उभी राहिले. बाबा, उठू नका, असं ओरडावंसं वाटत होतं, पण मी तर ऐकतच नव्हते ना.

"सर, ती आलीय," हेडबाई म्हणाल्या.

"हं."

"ताजी आहे."

"दिसतेय."

"मग उठा. विरघळेल ना तो तुमचा जंत."

बाबांनी चिचुंद्रीकडे पाहिलं. त्यांचा हात सवयीने रुमालाच्या खिशाकडे गेला आणि रिकामाच परत आला. "विरघळू दे," ते म्हणाले. "चहा गार होईल."

ते चहा प्यायले, सावकाश, तळापर्यंत. मग कप पुढे करून म्हणाले, "अजून अर्धा मिळेल का?"

हेडबाई उठल्या आणि आत गेल्या. कप घेतलाच नाही. बाबांचा हात तसाच पुढे राहिला. माझ्या मनात आलं, झालं, पुन्हा कडी. पण त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात भांडी घासायचे रबरी हातमोजे होते, कोपरापर्यंतचे. मान दुसरीकडे वळवून, दोन बोटांनी त्यांनी चिचुंद्रीची शेपटी धरली, हात लांब केला आणि फाटकातून आमच्या परसात चालू लागल्या. "चला," त्या म्हणाल्या. "कुठे असतं ते डोकं, दाखवा मला."

दोघं माझ्या स्वयंपाकघरातून आत गेली, पुढे चिचुंद्री, मागे बाबा. स्वयंपाकघरातून असलं काही न्यायचं नाही हा सासूबाईंचा नियम होता आणि माझाही. मी ताट ठेवलं आणि बाजूला झाले.

बाबांनी थाळीत पाणी घेतलं, आतडं उघडलं. बाई नाकावर कोपर धरून शेजारी बसल्या आणि मान लांब करून बघत राहिल्या. बाबांनी दिव्याखाली आतडं इकडून तिकडे तपासलं, उलटं करून पुन्हा तपासलं. मग चिमटा खाली ठेवला. आत काहीच नव्हतं. तो जंत नाही, दुसराही कुठला नाही.

"इतकी निरोगी चिचुंद्री मी जन्मात पाहिली नाही," बाबा खजील होऊन म्हणाले. "माफ करा बाई, तुम्हाला दाखवायला काहीच नाही."

हेडबाईंनी हातमोज्यातून एकेक बोट सोडवलं.

"उद्या बघू," त्या म्हणाल्या.